रविवारी मेस बंद म्हणून ज्या हॉटेलात जायचो, त्याची फाईल

मेस चालवणाऱ्या बाईला आठवड्यात एकच संध्याकाळ मोकळी मिळते, रविवारची. दुपारी लेकरांना फिस्ट द्यायची, पातेली घासून पालथी घालायची आणि दाराला 'संध्याकाळी मेस बंद'ची पाटी अडकवायची. लातुरात शिकवण्यांच्या भागात राहणाऱ्यांना ही पाटी काही नवी नाही. माझ्याकडं २८ मुली जेवतात, सगळ्या नीटवाल्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या. रविवारी रात्री पुन्हा गॅसपुढं उभं राहायचं जिवावर येतं, म्हणून सात-आठ वर्षं मी, आमचे हे आणि पोरगा ठरलेल्या एका फॅमिली रेस्टॉरंटला जात आलो. हा रिव्ह्यू त्याचा. नाव टाकत नाही. मधल्या काळात मालकानं बरंच दुरुस्त केलंय आणि त्याचं शटर पाडायचा माझा विचार नाही. ज्यांना ओळखायचं ते काळ्या मटणावरून ओळखतील.

तर आधी मटण. खोबरं आणि कांदा चांगला काळपट होईस्तोवर भाजलेला, घरच्यासारखा काळा मसाला, रश्श्यावर तवंग असतो पण घशाशी येत नाही. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात, पापुद्रा अजून फुगलेला. ती वाढणारी बाई औशाकडची आहे, तिच्या हाताला तोड नाही. शाकाहारी माणसाला येसरची, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी मिळते, जी आजकाल हॉटेलात कुणी करत नाही. थाळी ३२० रुपयांना, आणि भाकरी मागितली की कुणी कपाळाला आठी घालत नाही. चवीला मी साडेचार देते. अर्धा कापला तो सोलकढीचा. मराठवाड्यात सोलकढी कशाला करता हो, मठ्ठा द्या की.

विद्यार्थी वाढले तसा त्यांनी मेनूत चायनीज घुसवला. तिथंच सगळं बिनसलं.

मागच्या जुलैत एका रविवारी मी रेणापूरला भावाकडं होते. रात्री दीडला फोन. मुलींच्या रूमवरून. "काकू, पाच जणींना उलट्या होतायत." आम्ही आलो तोवर दोघींना सलाईन लागलं होतं. पहाटे पाचला एका मुलीच्या वडिलांचा अहमदपूरहून फोन आला आणि पहिलंच वाक्य, "मेसवाल्या बाईनं काय घातलं लेकरांना?" मी काय बोलणार. दुपारचं जेवण माझंच होतं. पनीर, पुऱ्या, गुलाबजाम.

घरी येऊन मी हजेरीची वही काढली. माझ्याकडं रोज कोण जेवलं त्याची टिक असते, महिन्याच्या हिशोबासाठी. रविवारी दुपारी २६ जणी जेवल्या होत्या. आजारी ५. म्हणलं, पनीर खराब असतं तर २६ पैकी पाचच कशा? मग एकेकीला विचारत गेले. रात्री सात जणी त्या हॉटेलात गेल्या होत्या. पाच जणींनी फ्राइड राइस घेतला. उरलेल्या दोघींनी तंदूर रोटी आणि पनीर हंडी, आणि त्या दोघी सकाळी माझ्यासमोर बसून पोहे खात होत्या. वहीच्या मागच्या पानावर मी दोन रकाने आखले, 'भात' आणि 'रोटी'. ते पान अजून आहे.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना ते पान दाखवलं तर ते हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्याकडं या कामाला." मग त्यांनी नीट समजावलं. पोरी नऊ-सव्वानऊला जेवल्या, उलट्या साडेअकरा-बाराला सुरू. दुपारी एकच्या जेवणाला इतका उशीर सहसा लागत नाही. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाचा एक जंतू असतो. त्याचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. शिजलेला भात पातेल्यात तसाच कोमट पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष कढईत परतून जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या. "तपासणीशिवाय मी हेच कारण असं लिहून देणार नाही," ते म्हणाले, "पण भाताकडं बघा."

भाताचं मला वेगळं सांगायला नको होतं. फ्राइड राइसला ताजा भात चालत नाही, गोळा होतो, हे कुणीही स्वयंपाक करणारी सांगेल. दुपारचा भात लागतो. पण तो परातीत पसरून, वाफ काढून, लगेच फ्रिजमध्ये टाकायचा असतो. मोठ्या टोपात झाकण ठेवून ओट्याखाली सारायचा नसतो. त्या टोपाच्या पोटात संध्याकाळपर्यंत ऊब राहते, अगदी दही लावायला ठेवावं तशी.

आता गंमत बघा. तक्रार मी करायच्या आधीच कुणा पालकानं केली, आणि तीही माझ्यावर. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर आहे, १८००-२२२-३६५. बुधवारी साहेब माझ्या दारात. चपला बाहेर काढून आत आले, हे मला आवडलं. सगळं बघितलं. माझी अन्न धंद्याची सरकारी नोंदणी आहे, १४ आकडी नंबर, २ ने सुरू होणारा. छोट्या धंद्याची नोंदणी असली की २, परवाना असला की १, पुढचे दोन आकडे राज्याचे. आपल्या महाराष्ट्राचे १५. कागद दाखवा म्हणाले तर मी कपाटातल्या पिशवीतून काढून दाखवला. "ताई, हा भिंतीवर लागतो, पिशवीत नाही." एक शेरा. पिठाच्या डब्याला झाकण नव्हतं, दुसरा शेरा. पिण्याच्या पाण्याच्या ड्रममध्ये तांब्या बुडवून पाणी काढत होतो, तिसरा. आठ वर्षं मी त्या ड्रममध्ये हात घालत होते आणि मला त्यात कधी काही दिसलं नव्हतं. त्याच दिवशी तोटीवाला ड्रम आणला.

मी त्यांना वहीचं पान दाखवलं. त्यांनी फोटो काढून घेतला आणि म्हणाले, हॉटेलची तक्रार वेगळी नोंदवा. नोंदवली.

पुढं काय झालं ते मला कळायला दोन महिने लागले आणि ते कळलं कसं, हेच खरं तर मला सांगायचंय. हॉटेलचा मालक आठवड्याभरातच सगळ्यांना सांगत सुटला, "साहेब येऊन गेले, नमुना नेला, नमुना पास." खोटं नव्हतं ते. पण नमुना कशाचा? त्या रविवारचा भात केव्हाच कचऱ्याच्या गाडीत गेला होता. कायद्यानं नमुन्याचे चार भाग करतात, एक अन्न विश्लेषकाकडं जातो आणि त्याला १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, सगळं व्यवस्थित असतं. फक्त तो अहवाल त्या दिवशी उचललेल्या ग्रेव्हीचा असतो. ज्या ओट्यावर ती ग्रेव्ही झाली त्या ओट्याबद्दल तो एक शब्द बोलत नाही. ओट्याबद्दल बोलतो तो तपासणीचा अहवाल, आणि तो गिऱ्हाइकाला कुठंच दिसत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून हॉटेलच्या दर्शनी काचेवर ए, बी, सी अशी मोठी अक्षरं लावावी लागतात म्हणे. आपल्याकडं बिलावर १४ आकडी नंबर छापायचं बंधन आहे, १ जानेवारी २०२२ पासून. तो नंबर सरकारच्या फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या वेबसाइटवर टाकला की परवाना चालू आहे की नाही ते कळतं. यांचा चालू होता. परवाना चालू आहे म्हणजे गाडीचं आरसी बुक आहे एवढंच. ब्रेक लागतात का ते त्यात नसतं.

मग पोरगा म्हणाला, आई, माहितीचा अधिकार टाक.

टाकला. साधा कागद, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 'जन माहिती अधिकारी यांस'. मागच्या दोन वर्षांतले त्या हॉटेलचे तपासणी अहवाल आणि दिलेल्या नोटिसा, एवढंच मागितलं. एरवी ३० दिवसांत उत्तर येतं. पण माहिती तिसऱ्या माणसाची असली की त्यालाही विचारतात, तुमची काही हरकत आहे का, आणि मग मुदत ४० दिवसांची होते. म्हणजे मालकाला कळणार की कुणी अर्ज टाकलाय. हे मला आधी माहीत असतं तर कदाचित टाकला नसता. शहर काही मोठं नाही, गंज गोलाईत भाजी घेताना गाठ पडतेच. ३६ व्या दिवशी पत्र आलं, १४ पानं, दोन रुपये पानाप्रमाणं २८ रुपये भरून घेऊन जा.

फॉर्म इंग्रजी, पोरगा बी. फार्मला आहे, त्यानं वाचून दाखवलं. मी भाजी निवडत ऐकत होते आणि मध्येच निवडायची थांबले.

तपासणीला ११४ गुण असतात. यांना पहिल्या वेळी ७१. शाळेतल्या हिशोबानं ६२ टक्के, फर्स्ट क्लास. पण काही मुद्द्यांपुढं फुलीसारखा तारा असतो, त्यात नापास झालं की बेरजेला अर्थ उरत नाही. हे तारेवाल्या चार मुद्द्यांत नापास होते.

पहिला, पाणी. पिण्याचं पाणी दर सहा महिन्यांनी तपासून अहवाल ठेवायचा असतो. इथं अहवालच नाही. शेरा असा होता की जमिनीतल्या हौदाचं झाकण तुटलेलं, त्यावर पत्रा, आणि हौदापासून तीन फुटांवर भांडी घासायची मोरी. मी त्या मोरीशेजारून कितीदा बाथरूमला गेलेय! दुसरा, फ्रीजर. कच्चं चिकन वरच्या खणात, खाली उघड्या डब्यात तयार ग्रेव्ही. तिसरा, गरम अन्न ६५ अंशांच्या वर ठेवायचं असतं आणि थंड ५ च्या खाली, ते मोजायला स्वयंपाकघरात थर्मामीटरच नव्हता. त्याच मुद्द्यात पुढं, 'शिजवलेला भात सुमारे २० किलो, सामान्य तापमानाला, वेळेची नोंद नाही.' हे वाक्य पोराला मी पुन्हा वाचायला लावलं. चौथा, कामगारांची वैद्यकीय तपासणी दरवर्षी व्हायला पाहिजे. १४ माणसं, प्रमाणपत्रं तिघांची.

बिनताऱ्याच्या शेऱ्यांत मला सगळ्यात जास्त लागलेला एक, 'हात धुण्याचे बेसिन आहे. त्यात बटाटे भिजत ठेवले आहेत.' बेसिन आहे म्हणून गुण, वापरता येत नाही म्हणून गुण कापले. बटाट्यांना कुठं ठाऊक. आणखी एक होता, प्रशिक्षण घेतलेला सुपरवायझर दर २५ कामगारांमागं एक तरी लागतो, तर यांच्याकडं प्रमाणपत्र होतं, पण ज्याचं होतं तो मॅनेजर पुण्याला निघून गेला होता. तळणाच्या तेलाची नोंद नाही. वापरलेल्या तेलात पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकायचं, हा नियम २०१८ पासून आहे. तेल काळं दिसलं की बदलतो, असं सांगितल्याचं लिहिलंय. काळ्या मसाल्याच्या हॉटेलात काळं तेल कसं ओळखायचं, देव जाणे.

नोटीस निघाली होती, अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ ची, सुधारणा करा म्हणून. तिच्यात मुदत १४ दिवसांपेक्षा कमी देता येत नाही. घाणीत अन्न शिजवलं म्हणून कलम ५६ खाली १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, तो इथं झालेला दिसला नाही. दुसऱ्या तपासणीत गुण ९६, तारेवाले सगळे पास. शेवटचं पान तेच.

कागदावर ९६ झाले म्हणून मी लगेच जाणार नव्हते. पण आमचे हे म्हणाले, "तू त्या मटणाशिवाय राहतीस का बघू." दिवाळीनंतरच्या रविवारी गेलो.

काउंटरला मालक होता. पोरगेलासा आहे, बापाच्या पश्चात चालवतो. मला बघून उठला आणि पहिलं वाक्य, "अर्ज तुम्हीच टाकला ना, मावशी?"

मी हो म्हणलं. लपवून काय करायचं. मग म्हणलं, मला आतलं स्वयंपाकघर बघायचंय. त्यानं दोन मिनिटं मोबाईलमध्ये डोकं घातलं, मग वेटरला म्हणाला गल्ला बघ, आणि मला आत घेऊन गेला.

हौदाला नवीन झाकण, कुलूप लावलेलं. मोरी हलवता आली नाही पण मध्ये कट्टा बांधून उतार उलटा काढलाय. खिडकीला जाळी. फ्रीजरमध्ये कच्चं खाली, शिजलेलं वर, डब्यांना झाकण आणि झाकणावर मार्करनं तारीख. बेसिनमध्ये बटाटे नव्हते. साबण होता, आणि ओला होता. कोरडा साबण म्हणजे शोभेचा, हे मी माझ्याकडच्या बायकांवर नजर ठेवून शिकलेय. भात मी मुद्दाम विचारला. आता दुपारचा पसरट ट्रेमध्ये काढतात, पंख्याखाली, मग फ्रिजमध्ये. ट्रे दाखवले. थर्मामीटर खिळ्याला टांगला होता. "वापरता का?" विचारलं तर आचारी दुसरीकडं बघायला लागला. म्हणजे वापरत नाहीत. हे लिहितेय मी, कारण बाकीचं चांगलं लिहिलंय.

पाण्यावर मालक चिडला, आणि त्याचं मला पटलंही. "मावशी, चार-सहा दिवसांनी नळ येतो, बाकी टँकर. आज एका बोअरचा, उद्या दुसऱ्या बोअरचा. एकदा रिपोर्ट काढला तर तो कुठल्या पाण्याचा?" मी गप्प बसले. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत १० टँकर, पाच लाख लिटर, ते आम्ही सगळ्यांनी बघितलंय. त्या उन्हाळ्यात मी भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी मोरीला वापरलेलं आहे. पाणी नसलेल्या गावात 'हात वीस सेकंद धुवा' हे वाक्य ऐकायला कसं लागतं ते मला कळतं. पण म्हणून काय हौदावर पत्रा ठेवायचा? झाकणाला पाणी लागत नाही. हे मी त्याला बोलले आणि तो हसला. आता दर टँकरमागं क्लोरीन टाकतात, वहीत सही असते. वही बघितली. सह्या सगळ्या एकाच पेनानं, एकाच हातानं, ओळीनं घातल्यासारख्या वाटल्या. असो. वही आहे.

मग जेवलो. मटण तेच, थोडं तिखट वाढलंय. भाकरी तीच. बाई तीच, आता डोक्याला टोपी घालतात आणि त्यात त्या अवघडून गेल्यात. बिल ९६० झालं, त्यावर १४ आकडी नंबर स्वच्छ छापलेला.

माझ्या मुली परत तिथं जातात का, असं विचाराल तर जातात. मी अडवत नाही, फक्त भात घेऊ नका म्हणते, आणि त्या ऐकत नाहीत. अहमदपूरच्या त्या वडिलांनी नंतर फोन केला नाही, पण मुलीची पुढच्या सहा महिन्यांची मेस फी आगाऊ पाठवली. मी तीच माफी समजले.

चवीला साडेचार. स्वयंपाकघराला, आज मी डोळ्यांनी बघितलेल्याला, साडेतीन. आधीच्याला द्यायला माझ्याकडं आकडा नाही. आत बघू दिलं म्हणून अर्धा जास्त द्यावा का, यावर घरात दोन मतं आहेत. आमचे हे म्हणतात दे, पोरगा म्हणतो अर्ज टाकला नसता तर दाखवलं असतं का.

निघताना काउंटरमागं बघितलं. अन्नसुरक्षेचा तो जांभळा फलक, जो हॉटेलवाल्यांना दर्शनी भागात लावावा लागतो, पूर्वी तुळजाभवानीच्या फोटोमागं निम्मा लपलेला असायचा. आता देवीला बाजूला नीट जागा केलीय आणि फलक मोकळा आहे. खाली तक्रारीचा नंबर, पण त्याच्या शेवटच्या तीन आकड्यांवर कुणीतरी ऑनलाइन पैसे घ्यायचा क्यूआर कोड चिकटवलाय. मालक सुट्टे मोजत होता. मी नखानं स्टिकरचा कोपरा उचलला. निम्मा निघाला, निम्मा फाटला. तो म्हणाला, "राहू द्या मावशी, मी काढतो." पुढच्या रविवारी बघते.